आटगावची बाजारपेठ : टिकाव आणि वृद्धी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात धर्माराधनेची चर्चा व्हावी हे उचितच आहे. परंतु धर्माराधना ज्या घरांतून होते, त्या घरांच्या चुली ज्या दुकानांवर चालतात, त्या दुकानांचा विचारही अशा मंगलप्रसंगी टाळता येणार नाही. महाराष्ट्रात अशी गावे आहेत, जेथे शिखरबंद जिनालय आजही उभे आहे, परंतु नित्यपूजेला श्रावकाचे एकही घर उरलेले नाही. त्या गावांतून श्रद्धा आधी गेली नाही. आधी व्यापार गेला, त्यामागून तरुण गेले आणि शेवटी वृद्धांनाही मुलांकडे जावे लागले. म्हणून आटगावसारख्या स्टेशनगावाची बाजारपेठ टिकणे आणि वाढणे, हा केवळ व्यापाऱ्यांचा नव्हे, तर संघाच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे.

या बाजारपेठेचा जन्म लोहमार्गाशी निगडित आहे. कल्याणपुढचा लोहमार्ग १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत सुरू झाला. थळघाट ओलांडून गाडी इगतपुरीला पोहोचली ती १८६५ मध्ये. या मार्गावरील स्थानकांभोवती हळूहळू पेठा वसल्या. पाड्यापाड्यांवरून भात, गवत, लाकूड स्टेशनावर यावे आणि मीठ, तेल, गूळ, कापड घेऊन माणसे परतावीत, असा तो क्रम होता. गुजरात, कच्छ आणि मारवाडातून आलेल्या अनेक कुटुंबांनी अशा पेठांतच पाय रोवले.

ज्या रुळांनी ही पेठ घडविली, तेच रूळ आज तिचे गिऱ्हाईक दूर नेत आहेत. सुमारे चाळीस किलोमीटरवरचे कल्याण लोकल गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. नोकरीसाठी रोज जाणारा माणूस परतताना किराणा, कपडे आणि औषधेही तेथूनच आणतो. उल्हासनगरचे कापडबाजार, महामार्गाच्या कडेची मोठी दालने आणि भिवंडी परिसरातील अवाढव्य गोदामांतून थेट घरपोच येणारा माल यांची त्यात भर पडली आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग शहापूर तालुक्यातून वाहू लागला. मात्र वेगाने जाणारे वाहन पेठेत थांबत नाही. रस्ता जवळून गेला म्हणजे व्यापार वाढतोच, असे समजण्याचे कारण नाही.

या तालुक्याला हे दुःख नवे नाही. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. पुढे वैतरणा आणि भातसा यांचे पाणीही मुंबईला गेले. धरणे शहापूरच्या परिसरात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही शहापूरचेच. पैशाची गतीही तशीच झाली आहे. पगार गावात येतो, पण गावात एकदाही न फिरता दुसऱ्या दिवशी कल्याणला जातो. पाणी अडवावे तसा पैसाही थोडा अडवावा लागेल. ग्राहकाला कल्याणला जाण्यास मनाई करता येत नाही. परंतु गावात खर्च झालेला रुपया बाहेर जाण्यापूर्वी आणखी दोन हातांतून फिरेल, अशी व्यवस्था निश्चित करता येते.

उदाहरण गणवेशाचे घेऊ. पालकाने तयार गणवेश कल्याणहून आणला, तर गावात काहीच राहत नाही. तोच व्यवहार येथे झाला, तर कापड भिवंडीच्या मागावरचे असले तरी दुकानदाराचा नफा, शिंप्याची शिलाई, काजे-बटणे करणाऱ्या भगिनीची मजुरी हे सारे गावात राहते. त्यातूनच वाण्याचे बिल, डॉक्टरांची फी आणि रिक्षाचे भाडे निघते. गणवेश चार महिन्यांत आखूड झाला, तर दुमड सोडून देणारा माणूसही येथेच सापडतो. ही सेवा दूरचे गोदाम देऊ शकत नाही. स्थानिक दुकानाचे खरे बळ भावात नसून अशा सेवेत आहे.

मात्र भावाकडे दुर्लक्ष करूनही चालणार नाही. एकटा दुकानदार दहा तागे घेतो, तेव्हा घाऊक व्यापारी त्याला फारशी सवलत देत नाही. आटगाव, आसनगाव, खर्डी आणि कसारा येथील दुकानदारांनी हंगामापूर्वी एकत्र मागणी नोंदविली, तर भाव, वाहतूक आणि उधारीची मुदत या तिन्ही बाबतींत फरक पडेल. दुसरी बाब मालाच्या फेराची. एक लाखाच्या मालावर १२ टक्के नफा घेऊन वर्षात दोनच फेर झाले, तर हाती २४ हजार येतात. ८ टक्क्यांवर पाच फेर झाले, तर ४० हजार. फळीवर वर्षानुवर्षे पडून असलेले ठाण ही संपत्ती नव्हे, ते अडकलेले भांडवल होय. हा हिशेब प्रत्येक पेढीने दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी एकदा प्रामाणिकपणे मांडावा.

करव्यवस्थेचा बाऊ करण्याचेही कारण नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा लहान व्यापारी धास्तावला होता. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यास एक टक्क्याची आपसमेळ योजना सोयीची आहे. पण तिची मर्यादा ध्यानात घ्यावी. त्या योजनेतील व्यापारी बिलात कर आकारू शकत नाही, त्यामुळे त्याच्याकडून खरेदी करणाऱ्या कारखान्यास कराची वजावट मिळत नाही. आटगाव परिसरातील औद्योगिक संकुल आणि मुरबाडची औद्योगिक वसाहत यांना कामगारांचे कपडे, हातमोजे, उपाहारगृहाचा किराणा, बांधणीचे साहित्य सतत लागते. दारातील हे गिऱ्हाईक हवे असेल, तर नियमित नोंदणी, वेळेवर विवरणपत्र आणि पक्के बिल यांना पर्याय नाही.

वृद्धीचा दुसरा मार्ग म्हणजे बाहेरचा माल येथे विकण्याबरोबरच येथील माल बाहेर विकणे. शेजारच्या वाडा तालुक्याच्या कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शहापुरातील कातकरी तरुणांनी जंगलातील गुळवेल गोळा करून, वाळवून विकण्याचा उद्योग उभारला. वनधन योजनेचे साहाय्य मिळाल्यावर डाबर, बैद्यनाथ, हिमालय यांसारख्या कंपन्यांकडून मोठ्या मागण्या त्यांच्याकडे आल्या. ही वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या याच रानात होती. पेठेतील अनुभवी व्यापाऱ्यांना तिचे मोल दिसले नाही, ते या तरुणांना दिसले. मोहाची फुले, करवंदे, बांबू, गावठी तांदूळ यांची प्रतवारी, साठवण आणि विक्री यांत व्यापाऱ्याचे कौशल्य उपयोगी पडू शकते. पण तेथे त्याने मालक म्हणून नव्हे, भागीदार म्हणून जावे.

येथे एक कटू विषय टाळून चालणार नाही. याच लोहमार्गावरील टिटवाळा येथे जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर उंबरगाव-डहाणू भागात वारली बांधवांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्याची हकिकत आहे. तो लढा जमीनदार-सावकारांविरुद्ध होता, आणि जिल्ह्यातील आदिवासींच्या मनात सावकार आणि दुकानदार ही माणसे फारशी वेगळी नव्हती. ती स्मृती पाड्यांवर अद्याप पुसलेली नाही. ती पुसण्याचे सामर्थ्य कोणत्याही जाहिरातीत नाही, ते केवळ तराजूत आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटे माप आणि चांगल्या मालात हलक्याची भेसळ यांचा स्पष्ट समावेश आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाच्या पस्तीस गुणांत ‘न्यायसंपन्न विभव’ हा पहिला सांगितला. शास्त्राने व्यापार निषिद्ध मानला नाही, अन्यायाचा व्यापार निषिद्ध मानला. निरक्षर गिऱ्हाइकाच्या उधारीची नोंद त्याच्याच वहीत, त्याच्या मुलाकडून वाचवून घेणारा दुकानदार पुण्यही जोडतो आणि गिऱ्हाईकही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत याची प्रचिती आली. गाड्या थांबल्या, दूरची दालने आवाक्याबाहेर गेली, तेव्हा गावोगावच्या लहान किराणा दुकानांनी ओळखीवर धान्य दिले. संकट सरल्यावर ग्राहक पुन्हा लोकलने निघून गेला, याचा खेद वाटतो; परंतु त्या दिवसांत जोडलेले नाते पुढे जपले किती ठिकाणी गेले, हेही विचारावयास हवे.

शेवटचा मुद्दा न्यासाच्या भूमिकेचा. देवद्रव्याला स्पर्श न करता, साधर्मिक भक्तीच्या भावनेने समाजातील सधन कुटुंबांनी स्वतंत्र पतसंस्था उभारावी आणि होतकरू तरुणांना पहिले भांडवल माफक व्याजाने द्यावे. न्यासाच्या साधारण खात्यातील जागेत लहान गाळे देता येतील. मात्र तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे विश्वस्तांनी विसरू नये. गाळे केवळ समाजापुरते न ठेवता, वर्षानुवर्षे दुकानात राबलेल्या स्थानिक आदिवासी वा कुणबी तरुणासही स्वतःची पेढी उघडण्याची संधी मिळावी. एकाच समाजाच्या दुकानांवर पेठ फार काळ उभी राहत नाही.

आणि घरातील मुलगा वा सून दुकानात बसू इच्छित असेल, तर त्यांना केवळ गल्ल्यावर न बसविता खरेदीचा अधिकार द्यावा. उच्चशिक्षित तरुण दुकान सोडतात, त्यामागे उत्पन्नाइतकेच निर्णयाचा अधिकार नसणे हेही कारण असते. वडिलांनी चावी वेळेवर दिली, तर मुलाला कल्याणची गाडी पकडावी लागणार नाही.

येत्या वर्षाच्या आत सामायिक खरेदीची एक बैठक, पतसंस्थेचा एक प्रस्ताव आणि प्रत्येक दुकानात तोलून पडताळलेले माप, एवढे तीन संकल्प जरी सिद्धीस गेले, तरी हा सुवर्णमहोत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल. संस्थेच्या शताब्दीच्या दिवशीही आटगावच्या पेठेत सकाळी फळ्या उघडाव्यात आणि उघडणारे हात प्रथम जिनालयात जोडलेले असावेत, ही शासनदेवाचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.