खोकल्याचे दिवस मोजा

आम्ही मढच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

कुणाचा हप्ता एक दिवस उशिरा आला तरी आम्ही वहीत लिहितो. पण आमच्यातलीच एक जण दोन महिने खोकत होती, ते दिवस कुणी मोजले नाहीत. "चुलीचा धूर गं," असं ती म्हणायची, आणि आम्हालाही ते पटायचं. अडुळशाचा काढा झाला, दुकानातली बाटली झाली. शेवटी आशाताई तिला बेडका तपासायला घेऊन गेल्या. टीबी निघाला.

धुराचं म्हणणं तसं खोटं नाही. चुलीपुढे, राब भाजताना वर्षानुवर्षं धूर छातीत गेला, की कधी बिडी न ओढलेल्या बाईलाही कायमचा खोकला आणि धाप लागते. दम्याचा खोकला रात्री-पहाटे वाढतो, छातीत शिट्टी वाजते. नाकातली सर्दी घशात उतरते, पित्त वर येतं, त्यानेही खोकला हटत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडी ढास लागते. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

यातलं आपलं कारण कोणतं, ते घरी बसून कळत नाही. म्हणून खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की तपासून घ्या. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, बेडक्यात रक्त, यातलं काही दिसलं तर दोन आठवडेही थांबू नका.

सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. गोळ्या साधारण सहा महिने घ्याव्या लागतात, बरं वाटलं तरी मधे सोडायच्या नाहीत. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात येतात. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या.

"लोक काय म्हणतील, लेकीचं लग्न कसं जमेल," म्हणून आमची मैत्रीण आधी घाबरली होती. पण टीबी जंतूंमुळे होतो, कुणाच्या पापाने नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. खोकताना तोंडावर पदर धरा, खिडक्या उघड्या ठेवा. माणसाला वाळीत टाकू नका.

ती आता बरी आहे, बैठकीला येते. आणि हप्ते गोळा झाले की आम्ही दर वेळी विचारतो, "दोन आठवड्यांच्या वर कुणाला खोकला आहे का गं?" तुमच्या गटातही विचारा.