संगणकातील दप्तर आणि त्याची पूरक साधने

कार्यालय लहान असो वा मोठे, मागितलेला कागद तेथे वेळेवर सापडतो की नाही, यावरच त्याची खरी परीक्षा होते. जन्म-मृत्यूच्या नोंदी, ग्रामसभेचे ठराव, शाळेचे हजेरीपट हे सारे पूर्वी फडक्यात बांधून कपाटात ठेवले जाई आणि कोणते बासन कोठे आहे, हे जुन्या कारकुनास तोंडपाठ असे. आज या दप्तराचा बराच भाग संगणकात आला आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. माहितीच्या अधिकाराखालील अर्जास सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अशा स्थितीत ‘कागद संगणकात आहे, पण सापडत नाही’ ही सबब टिकणारी नाही.

संगणकातील दप्तर सांभाळण्याचे काम फाइल मॅनेजर करतो. विंडोज प्रणालीत तो १९९० मध्ये फाइल मॅनेजर याच नावाने आला, १९९५ मध्ये विंडोज एक्सप्लोरर झाला आणि २०१२ पासून फाइल एक्सप्लोरर म्हणून ओळखला जातो. नित्याच्या कामास तो पुरतो. तथापि, हजारो फाइलींतून एक शोधणे, शेकडो फाइलींना एकदम नवी नावे देणे अशा प्रसंगी तो तोकडा पडतो. त्यासाठी अनेक पूरक साधने मिळतात. मात्र त्यांची निवड विचारपूर्वक झाली पाहिजे.

आधी घरचे, मग बाहेरचे

मूळ साधनातील सोयी माहीत नसल्यामुळेच अनेकदा बाहेरून काही आणण्याचा मोह होतो. एकाच खिडकीत अनेक फोल्डर टॅबमध्ये उघडण्याची सोय विंडोज ११ मध्ये २०२२ पासून आहे. झिपखेरीज रार आणि सेव्हन-झेड प्रकारची गाठोडी उघडण्याची सोय २०२३ मध्ये त्यात आली. फाइल न उघडता आतील मजकूर दाखवणारी पूर्वदृश्याची चौकटही पूर्वीपासून आहे.

सर्वांत महत्त्वाची सोय म्हणजे फाइलीच्या नावाचे शेपूट, अर्थात एक्स्टेन्शन, दाखवण्याची. एरवी ते दडलेले असते. त्यामुळे ‘देयक.पीडीएफ.ईएक्सई’ अशी घातक फाइल ‘देयक.पीडीएफ’ अशी निरुपद्रवी दिसते आणि फसगत होते. ही सोय सुरू करण्यास काहीही खर्च येत नाही.

गरज नेमकी ठरवावी

यानंतरही जी अडचण उरेल, तेवढ्यापुरतेच साधन घ्यावे. शोधासाठी ‘एव्हरीथिंग’ नावाचे विनामूल्य साधन आहे. डिस्कवरील फाइलींची मूळ नोंदयादीच ते वाचून ठेवते. म्हणून नावाची दोन-चार अक्षरे टंकित करताच उत्तर मिळते. मात्र त्याचा मुख्य भर नावांवर आहे, आतील मजकुरावर नव्हे. स्कॅन केलेल्या शेकडो पानांना क्रमवार नावे द्यावयाची असल्यास मायक्रोसॉफ्टच्याच ‘पॉवरटॉईज’ या संचातील ‘पॉवररिनेम’ उपयोगी पडते. बदल करण्यापूर्वी नवी नावे ते दाखवते, ही मोठी सोय होय. छायाचित्रांचे आकारमान एकदम कमी करणारे साधनही याच संचात आहे.

दोन फोल्डर शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहण्यासाठी ‘टोटल कमांडर’ आहे. १९८६ च्या ‘नॉर्टन कमांडर’ची दोन चौकटींची रीत त्याने पुढे चालवली. ते पाहण्यापुरते विनामूल्य असून पुढे परवाना घ्यावा लागतो. येथे एक सावधगिरी हवी : ‘वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य’ असलेले साधन कार्यालयासही विनामूल्य असतेच असे नाही.

घरात घ्यावयाचा पाहुणा

काही पूरक साधने फाइल एक्सप्लोररच्या शेजारी न बसता थेट त्याच्या आत शिरून काम करतात. उजवे बटण दाबल्यावर येणाऱ्या यादीत त्यांची नावे दिसतात. अशांपैकी एक बिघडले, तर संपूर्ण एक्सप्लोरर अडखळतो किंवा बंद पडतो. साधने जितकी अधिक, तितकी यादी लांब आणि काम संथ.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. ‘विनरार’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात १९ वर्षे दडून राहिलेला दोष २०१९ मध्ये उघडकीस आला. एस नावाच्या एका जुन्या प्रकारची गाठोडी उघडणाऱ्या भागात तो होता. मुद्दाम रचलेले गाठोडे सोडताच, संगणक सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या फोल्डरात घातक फाइल बसवता येत असे. निर्मात्यांनी तो भागच काढून टाकला. परंतु जुनी आवृत्ती वापरीत राहिलेल्यांना त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून साधन मूळ निर्मात्याकडूनच घ्यावे, संगणकाची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या संमतीने बसवावे, अद्ययावत ठेवावे आणि वापरात नसल्यास काढून टाकावे.

साधनाहून शिस्त मोठी

नावेच विस्कळीत असतील, तर कोणतेही साधन तारणार नाही. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘अंतिम’ अशा नावांतून शोध कसला घेणार? वर्ष, महिना, दिवस आणि मग विषय या क्रमाने नाव दिल्यास फाइली आपोआप कालानुक्रमे लागतात. नावे मराठीत अवश्य द्यावीत. मात्र ती आटोपशीर असावीत. विंडोजमध्ये फोल्डरांसह संपूर्ण मार्गास सर्वसाधारणपणे २६० चिन्हांची मर्यादा असते आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘ग्रामपंचायत’ हा डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसणारा शब्द संगणकाच्या हिशेबी ११ चिन्हांचा आहे. फोल्डरात फोल्डर वाढत गेले, की फाइलीची नक्कल होण्यास अडचण येते, त्याचे हे एक कारण होय. शिवाय, मोठे नामांतर करण्यापूर्वी मूळ फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवणे अगत्याचे आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, साधनाची पारख त्याच्या चकचकीत रूपावरून करू नये. बदली होऊन आलेल्या नव्या कर्मचाऱ्यास कोणालाही न विचारता जुना ठराव काढून देता आला, तर निवड योग्य झाली असे समजावे. ग्रामस्थाची खेप वाचावी, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.