लाटेआधीची वर्दी

२६ डिसेंबर २००४ हा रविवार होता. सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्रालगतचा समुद्रतळ हादरला. चेन्नईच्या किनाऱ्यावर लाट थडकली ती त्यानंतर सुमारे अडीच तासांनी.

या अवधीत सरकारला काहीच ठाऊक नव्हते, असे नव्हे. भूकंपाची नोंद हवामानखात्याकडे होती. कार निकोबारच्या तळावर पाणी शिरल्याची वार्ता वायुदलाच्या चेन्नईनजीकच्या तळाला पोहोचली होती. परंतु ज्याला भूकंप ठाऊक, त्याला लाट ठाऊक नव्हती. आणि ज्याला लाट ठाऊक, त्याने किनाऱ्यावरील कलेक्टरास परस्पर कळवावे, अशी वहिवाट नव्हती. हवामानखात्याचा फॅक्स तर माजी मंत्र्यांच्या पत्त्यावर गेला! यावर हसणे सोपे आहे. पण त्या दिवशी भारतात दहा हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांतली निम्म्याहून जास्त एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यातील.

२००७ साली हैदराबादेत त्सुनामी-इशारा केंद्र सुरू झाले. भूकंपमापकांच्या नोंदी, सर्वेक्षण खात्याच्या भरतीमापकांचे आकडे, खोल समुद्रातील दाबमापकांची निरीक्षणे, सारे तेथे अहोरात्र येत असते. यंत्रे मिळवणे त्यामानाने सोपे. खरी कठीण गोष्ट निराळी. प्रत्येक खात्यास आपला आकडा ही आपली ठेव वाटते, आणि ती अर्जावाचून, मंजुरीवाचून हातची सोडणे जिवावर येते. येथे कोणी मागण्यापूर्वीच ती पोहोचते.

११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्रापाशी पुन्हा प्रचंड भूकंप झाला. केंद्राने इशारा दिला. लाट किरकोळ निघाली. इशारा मागे घेण्यात आला, आणि ती वर्दीही त्याच वाटेने किनाऱ्यापर्यंत गेली.