पाटीवरचा आकडा

आजपासून स्थापत्य अभियंते म्हणवून घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी काही जण सैन्यात अधिकारी व्हायचं म्हणून एसएसबीच्या निवड चाचणीच्या तयारीला लागले आहेत, असं प्राचार्यांनी सांगितलं. बाकीचे सार्वजनिक बांधकाम खात्यात, जलसंपदा विभागात किंवा एखाद्या ठेकेदाराच्या साइटवर रुजू होतील. माझी सगळी नोकरी सैन्याच्या इंजिनिअर कोअरमध्ये गेली. त्या अनुभवावरून दोघांनाही एकच सांगतो. वेगानं काम करा, घाईनं करू नका. या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात आणि तिथेच घात होतो.

एसएसबीला जाणाऱ्यांना मैदानावर एक फळी, एक बल्ली आणि एक दोर मिळेल. लाल रंगाच्या भागाला हात-पाय लावायचे नाहीत, जमिनीला टेकायचं नाही आणि सगळ्या गटाला ओझ्यासकट पलीकडे न्यायचं. घड्याळ चालू असतं. अशा वेळी बहुतेक मुलं आधी फळी उचलतात आणि मग विचार करतात. फळी किती बाहेर काढली तर मागच्या टोकावर किती वजन हवं, हे तुम्ही दुसऱ्या वर्षातच शिकला आहात. ‘तू मागे बस, मी पुढे जातो’ असं सांगून तो हिशेब प्रत्यक्षात आणणं म्हणजे नेतृत्व. तिथे आरडाओरडा करणाऱ्याला गुण मिळत नाहीत.

बेली पुलाचं तत्त्व हेच. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज अभियंत्यानं तो आखला. त्याचं पॅनेल दहा फूट लांब, सुमारे पाच फूट उंच, वजन अडीचशे किलोच्या वर. सहा जणांनी उचलायचं, पिना ठोकून जोडायचं. पूल उभा राहतो तो अलीकडच्या काठावरच. पुढे हलकं नाक जोडायचं, मागच्या बाजूचं वजन सांभाळायचं आणि रोलरवरून सगळा सांगाडा पलीकडे ढकलायचा. हिशेब चुकला तर पूल नदीत.

२०२४ च्या जुलैअखेरीस केरळात वायनाडला दरडी कोसळल्या. चूरलमलाहून मुंडक्कईकडे जाणारा पूल वाहून गेला. तिथे मद्रास सॅपर्स या सैन्याच्या अभियंत्यांच्या तुकडीनं १९० फुटांचा, २४ टन भार पेलणारा बेली पूल उभारला. काम ३१ जुलैला सुरू झालं आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी पूल तयार होता. त्या कामात पुढे होत्या मेजर सीता शेळके, आपल्या पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या. पूल इतक्या कमी तासांत झाला, याचं बातम्यांत कौतुक झालं. ते व्हायलाच हवं, पण पॅनेल उचलण्याचा, पिना ठोकण्याचा सराव सॅपर वर्षानुवर्षं करत आलेले असतात. तो सराव मोजला तर ते काम रात्रीत झालं, असं म्हणता येत नाही.

त्याच्या आधीचं उदाहरण १९४८ च्या एप्रिलमधलं, काश्मीरच्या युद्धातलं. नौशेराहून राजौरीला रणगाडे जायचे होते. रस्त्यात सुरुंग, आडवी पाडलेली झाडं, वरून मशिनगनचा मारा. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे, पहिल्याच दिवशी जखमी झाले. तरी ८ ते ११ एप्रिल ते रस्ता मोकळा करत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. सुरुंग काढणाऱ्याला कितीही घाई असली तरी हात सावकाशच चालवावा लागतो. राजौरीला लवकर पोहोचायचं होतं, म्हणून एकही सुरुंग तपासल्यावाचून सोडून चालणार नव्हतं.

आता दुसरी बाजू, घाईची. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं. मातीचं धरण, पहिलाच पावसाळा, विमोचकाचं काम अपुरं आणि तरी पाणी अडवलेलं. विमोचकावरचा भराव खचत गेला. लष्कराचे जवान वाळूची पोती रचत राहिले आणि त्यांनी धरण काही तास तरी थोपवलं. मग खालचं खडकवासलाही फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. खडकवासल्याच्या त्याच जलाशयाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) उभी आहे. त्या परिसरात सैनिकी शिस्तही शिकता येते आणि अभियंत्याची घाई किती महाग पडते तेही.

मित्रहो, ‘उद्घाटनाची तारीख ठरली आहे’ हे वाक्य तुम्ही नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतच ऐकाल. काँक्रीटनं अजून पुरेशी ताकद धरलेली नसेल आणि सेंटरिंग काढा म्हणून फोन येईल. मोजमाप वहीत कुणीतरी आकडा आधीच पेन्सिलनं लिहून ठेवलेला असेल. तिथे तुम्ही काय करता, त्यावर तुमची पदवी खरी की खोटी ते ठरेल. नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही. ‘आज नाही होणार, अमुक दिवशी होईल, आणि तोवर वाहतूक या बाजूनं वळवू’ असं लेखी द्यायला शिका. सैन्यातला अधिकारीही वरिष्ठांना हेच सांगतो: काय शक्य नाही, काय शक्य आहे आणि त्याला किती माणसं लागतील.

लष्करी पुलाच्या तोंडाशी भाराची पाटी असते. रणगाड्याचा चालक ती वाचतो आणि पुलावर चढतो. आकडेमोड कुणी केली हे तो विचारत नाही. एसटीतून कामावर जाणारी बाई तर पाटीकडे बघतही नाही. या दोघांनी तुमच्यावर न विचारता टाकलेला विश्वास हेच या पेशाचं भांडवल आहे. तेव्हा सैन्यात जा, खात्यात जा, नाहीतर स्वतःची फर्म काढा, पाटीवर तोच आकडा लिहा ज्यावरून तुम्ही स्वतः आईवडिलांना घेऊन जाल.