कानाला सोसेल तेच शोभेल



लेकीला लग्नात जड झुबे घालायची आपल्याला मोठी हौस. पण पाळीचे भोक एकदा ओघळले की आपोआप भरून येत नाही. फाटलेली पाळी डॉक्टरांकडून शिवूनच घ्यावी लागते. म्हणून आधी कान पाहावा.

नाजूक पाळीला मोत्यांची कुडी बरी. ती फिरकीने घट्ट बसते, कामात अडकत नाही. झुबे लोंबतात, कडेवरचे मूल ओढते. ते सणासुदीलाच घालावेत आणि वेल केसांत अडकवावा, म्हणजे भार वाटला जातो. बुगडी कानाच्या वरच्या कडेला. तिथे टोचलेले नसेल तर चापाची घ्यावी. खोट्या दागिन्याने कान खाजला तर लगेच काढावा. पुष्कळदा त्यातले निकेल बाधते.

कुडी घेताना मोत्यांचे वजन वेगळे लिहून घ्या; नाहीतर मोती सोन्याच्या भावाने पदरात पडतात! २२ कॅरटला ‘९१६’ चा हॉलमार्क पाहा. २ ग्रॅमहून हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, तेव्हा पक्की पावती हवीच.

लेकीसुनेचा कान आधी, आपली हौस मग.