अंगणात उभा राहिलेला भाऊ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आजच्या विवेचनासाठी मी ख्रिस्ती धर्मग्रंथातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत घेतला आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील ही कथा आपल्या भाषेला अपरिचित नाही. ग्रिअर्सनसाहेबांनी हिंदुस्थानातील भाषांची पाहणी केली, तेव्हा बोलींचे नमुने गोळा करण्यासाठी हीच कथा त्या त्या बोलीत उतरवून घेतली. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या सातव्या खंडात वऱ्हाडी, नागपुरी, कोंकणी, हळबी अशा अनेक बोलींचे नमुने आहेत. बाप जिवंत असताना वाटणी मागणारा मुलगा कोणत्या बोलीला ठाऊक नाही?

धाकटा वाटा घेऊन परमुलखात जातो, पैसा उडवतो, दुष्काळात डुकरे राखतो आणि अखेर घरी परततो. त्याच्या परतण्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मुलगा म्हणून घ्या, असे तो म्हणणार नसतो. मजूर म्हणून ठेवा, एवढेच त्याला मागायचे असते. पश्चात्तापाची खरी खूण हीच. डोळ्यांतले पाणी ओसरते. हक्क सोडण्याची तयारी टिकते. बाप मात्र त्याला दुरून पाहून धावत जातो आणि घरात मेजवानी मांडतो.

पण येशूने हा दृष्टांत सांगितला कोणाला? पापी लोकांच्या पंक्तीला बसतो म्हणून त्याच्यावर कुरकुरणाऱ्या परूशी व शास्त्री मंडळींना. म्हणजे स्वतःला निर्दोष समजणाऱ्यांना. म्हणूनच कथेचे मर्म थोरल्या भावापाशी आहे. तो शेतावरून येतो, गाणेबजावणे ऐकतो आणि अंगणातच थांबतो. इतकी वर्षे राबलो, मला साधे करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार खोटी नाही. दोष आहे तो त्याच्या बोलण्यात. ‘माझा भाऊ’ हे शब्द त्याच्या तोंडी येत नाहीत. बापाशी बोलताना तो धाकट्याला बापाचा मुलगा म्हणतो. उत्तर देताना बाप त्याला भावाचे नाते परत आठवून देतो. सदाचाराचा अहंकार असा नात्यांची नावे पुसून टाकतो. बाप या कथेत दोनदा घराबाहेर येतो. एकदा पाप्यासाठी, एकदा पुण्यवानासाठी. वाट चुकलेले दोघेही होते.

दोन भाऊ आणि वाटणी म्हटले की बंगळूरच्या मराठी माणसाला इतिहासातील एक प्रसंग आठवावा. १६७७ साली दक्षिणेत उतरलेल्या शिवाजी महाराजांनी शहाजीराजांच्या कर्नाटकातील दौलतीचा अर्धा वाटा सावत्र बंधू व्यंकोजीराजांकडे मागितला. भेट झाली, बोलणे फिसकटले आणि व्यंकोजीराजे रातोरात तंजावरकडे निघून गेले. पुढे रणांगणावर दोन्ही बाजूंचे मराठेच लढले. व्यंकोजीराजांची फौज हरली. त्यानंतरच्या तहात बंगळूर आणि आसपासचा मुलूख महाराजांनी भावजय दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला, असे बखरकार सांगतात. खचून विरक्त झालेल्या भावाला पत्र लिहून त्यांनी पुन्हा कर्तृत्वाकडे वळवू पाहिले. यात राजकारण नव्हते असे कोण म्हणेल? पण आपला हक्क निक्षून मागणाऱ्या आणि लढाई जिंकलेल्या थोरल्या भावाने नाते तुटू दिले नाही, हेही तितकेच खरे.

आता आपल्याकडे पाहू. आपण पोटासाठी गाव सोडून आलेली माणसे. गणपतीत गावी गेलो की आई आपल्यासाठी पुरणाचा घाट घालते, शेजारी भेटायला येतात. वर्षभर आईचे औषधपाणी, घराची डागडुजी आणि बांधावरचे तंटे सांभाळणारा भाऊ त्या दिवशी मागच्या दारी गडबडीत असतो. त्याच्या मनात काही साचले असेल, तर त्याला मत्सरी म्हणू नये. आपण उधळे नसू; पण मेजवानी आपल्यासाठी आहे. अशा वेळी त्याच्यापाशी आपणच जायला हवे. तुझ्यामुळे घर उभे आहे, एवढे म्हणायला हवे. आणि वाटणीची वेळ आली, तर हे शब्द कागदावरही उतरायला हवेत.

याच्या उलट, इथे आपल्या घरी आपणच थोरले भाऊ होतो. परभाषिकाशी लग्न केले म्हणून एखाद्या मुलीचे नाव घरात निघत नाही. धंद्यात बुडालेला चुलतभाऊ कार्याच्या आमंत्रणातून वगळला जातो. आपण कर्जे फेडली, मुले शिकवली, पन्नास वर्षे मंडळ चालवले. हे सारे भूषणावह आहे. पण या भूषणाचाच उंबरठा होऊन दार अडू नये.

तो थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे दृष्टांत सांगत नाही. बापाची विनवणी संपते आणि कथा तिथेच थांबते. आपापल्या घरी तिचा शेवट आपल्याला लिहायचा आहे. आणि आईवडिलांच्या हयातीत तो लिहिला गेला, तर त्याहून मोठे सुख नाही.