पदवीधर कोठे गेले?

(रेडी, तालुका वेंगुर्ले, येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकील बंधूंनी केलेले भाषण)



आपण मला धर्मांतर आणि हक्क ह्या विषयावर बोलावयास सांगितले आहे. मी वकील आहे. तेव्हा कलमे आणि कायदे ह्यांचीच यादी मी वाचणार, अशी आपली समजूत असेल. कायद्याचे दोन शब्द मी शेवटी सांगणारच आहे. परंतु त्याआधी मला आपणांपुढे एक साधा प्रश्न ठेवावयाचा आहे. आपल्या समाजाची जी पहिली पिढी महाविद्यालयात गेली आणि पदवी घेऊन बाहेर पडली, ती पुढे कोठे गेली? तिने काय केले? आज आपली मुले वेंगुर्ल्याच्या आणि सावंतवाडीच्या महाविद्यालयांत जाऊ लागली आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्या घरातला झाला आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय डोळ्यांपुढे आणावे लागते. पूज्य बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० साली औरंगाबादेस दुसरे महाविद्यालय उघडले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राजवटीतून नुकताच मुक्त झाला होता. पदवीपर्यंत शिकावयाचे तर हैदराबाद गाठावे लागे, आणि तेथील विद्यापीठाची परंपरा उर्दू माध्यमाची. ज्याच्या बापाला गावच्या शाळेच्या पायरीवर बसू दिले नाही, त्याने हैदराबादेस जाऊन शिकावे हे कसे घडणार? त्या मुलांच्या दारी महाविद्यालय आले ते १९५० साली. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. आरंभी ते लहानच महाविद्यालय होते. 'युगयात्रा' नाटकाचे लेखक म. भि. चिटणीस हे त्याचे प्राचार्य होते.

ह्या महाविद्यालयास बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले ते विचारपूर्वक. मिलिंद हा ग्रीक राजा. त्याने भिक्षू नागसेनाशी वाद केला, प्रश्नामागून प्रश्न विचारले, आणि समाधान झाल्यावर आपला पराभव मान्य करून तो धम्माचा अनुयायी झाला. राजा असूनही त्याने सत्तेचे बळ वापरले नाही. पटले ते मान्य केले, आणि मान्य केले ते पाळले. महाविद्यालयाच्या परिसरास नागसेनवन म्हणतात, ते ह्याच भिक्षूवरून. ज्या विद्यार्थ्याने त्या दारातून आत पाऊल टाकले, त्याच्यापुढे हे माप आधीच ठेवलेले होते.

आता त्या दारातून बाहेर पडलेल्यांपैकी काहींची हकीकत ऐका.

प्र. ई. सोनकांबळे हे मराठवाड्यातील खेड्यातून आलेले, लहानपणीच आईबापांचे छत्र हरपलेले विद्यार्थी. अर्धपोटी राहून, नातेवाइकांच्या दारी दिवस काढून ते शिकले, मिलिंद महाविद्यालयात आले, पुढे प्राध्यापक झाले आणि प्राचार्य झाले. परंतु एवढ्यावर ते थांबले नाहीत. आपण कोणत्या वाटेने आलो हे त्यांनी 'आठवणींचे पक्षी' ह्या पुस्तकात लिहून ठेवले. ते १९७९ साली प्रसिद्ध झाले. खुर्ची मिळाल्यावर मागची भूक लपवून ठेवणारे पुष्कळ असतात. सोनकांबळ्यांनी ती लपविली नाही. म्हणून आज उपाशीपोटी अभ्यास करणारा मुलगा ते पुस्तक वाचतो आणि त्याला कळते की आपण एकटे नाही.

दुसरे नाव सुखदेव थोरात ह्यांचे. विदर्भातील खेड्यातला हा मुलगा मिलिंदमध्ये बी. ए. झाला, अर्थशास्त्र शिकला आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाला. २००६ ते २०११ ह्या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. म्हणजे साऱ्या देशातील विद्यापीठांना पैसा वाटणाऱ्या संस्थेच्या शिरोभागी नागसेनवनातला एक विद्यार्थी बसला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना कसे वागविले जाते ह्याची चौकशी करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचेही ते अध्यक्ष होते. २००७ साली तिने आपला अहवाल दिला. वसतिगृहातील वेगळेपणा आणि वर्गातील दुजाभाव ह्यांची त्यात नोंद झाली. जे दुःख आजवर मुलांनी खोलीचे दार लावून सोसले, ते सरकारी कागदावर आले. पदवीचा उपयोग कशासाठी, ह्याचे हे एक उत्तर आहे.

तिसरी हकीकत शिक्षकाची आहे. डॉ. गंगाधर पानतावणे हे मिलिंदमध्ये शिकवीत. प्राचार्य म. ना. वानखेडे आणि ते ह्यांच्या भोवती लिहिणारी मुले जमली. त्यांच्यासाठी एक नियतकालिक हवे म्हणून 'अस्मितादर्श' निघाले. पानतावण्यांनी ते जवळजवळ पन्नास वर्षे चालविले. ज्यांचे लिखाण इतर संपादक साभार परत करीत, अशा किती तरी तरुणांचे पहिले शब्द तेथे छापले गेले. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी ते निवर्तले.

बंधूंनो, आपण म्हणाल, औरंगाबाद दूर आहे. आमच्या कोकणाचे काय? कोकणचेही सांगतो. डॉ. भालचंद्र मुणगेकर हे आपल्याच जिल्ह्यातील देवगड तालुक्यातल्या मुणगे गावचे. २००० साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि पुढे नियोजन मंडळाचे सदस्य झाले. आणि उपासिकांनो, रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या ऊर्मिला पवार ह्यांचे नाव आपण लक्षात ठेवा. त्यांची आई बांबूची आयदाने विणून मुलांना शिकवीत असे. मुलगी शिकली, सरकारी नोकरीत लागली, एम. ए. झाली. २००३ साली तिने आपले आत्मकथन लिहिले आणि त्याला नाव दिले 'आयदान'. तत्पूर्वी १९८९ साली मीनाक्षी मून ह्यांच्यासमवेत तिने 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. आंबेडकरी चळवळीत ज्या बाया राबल्या आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नव्हती, त्यांना भेटून, विचारून ते लिहिले गेले. आईच्या हातचे विणकाम मुलीने लेखणीने पुढे चालविले, असेच म्हणावे लागेल.

ही झाली नावाजलेली माणसे. परंतु महाविद्यालयाचा हिशेब केवळ नावाजलेल्यांवरून मांडू नये. बहुसंख्य पदवीधर कारकून झाले, शिक्षक झाले, पोस्टात, रेल्वेत, बँकेत लागले. त्यांच्यावर कोणी लेख लिहिले नाहीत. मी स्वतः विधी महाविद्यालयात शिकलो. माझ्या वर्गातील कोणी न्यायाधीश झाला, कोणी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, तर कोणी सनद घेऊनही घरच्या गरजेपायी पहिली मिळेल ती नोकरी धरली. ज्याने नोकरी धरून तीन भावंडांना शिकविले, त्याला मी कमी लेखणार नाही. एका पगारावर दोन घरे चालविणे हीसुद्धा चळवळच आहे.

मात्र जो वर गेला आणि ज्याने मागे वळून पाहिले नाही, त्याचे काय? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयीचे आपले दुःख बोलून दाखविले होते. ही माणसे समाजाची सेवा करतील अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ती आपले पोट भरण्यात गुंतली, असे त्यांना दिसले. हे दुःख खरे होते. आजही खरे आहे. शहरातील सदनिकेच्या दारावर आडनाव बदलून लावणारा, गावाकडच्या भावाला ओळख न देणारा पदवीधर आपण सर्वांनी पाहिला आहे.

परंतु ह्याच पदवीधरांच्या पिढीने दुसरेही काही करून दाखविले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला. त्यावरून खेडोपाडी बौद्ध वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. तरीही नागसेनवनातील विद्यार्थी आणि शिक्षक मागे हटले नाहीत. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. साडेपंधरा वर्षे ही मागणी जिवंत राहिली. ती जिवंत ठेवणाऱ्यांत ज्यांची झोपडी जळली तेही होते आणि ज्यांच्या हाती पदवी होती तेही होते. पदवीधर आपल्या माणसांत उभा राहिला की काय होते, हे ह्यावरून दिसते.

आता कायद्याचे जे सांगावयाचे ते सांगतो. कारण आपण नवदीक्षित आहात आणि आपणांस कोणीही भीती घालू शकतो. शाळेत मुलाच्या नावापुढे धर्म बौद्ध लिहिला तर सवलती जातील, असे सांगणारे आजही भेटतात. हे असत्य आहे. १९५६ नंतर ज्यांनी धम्म स्वीकारला त्यांच्या केंद्र सरकारच्या सवलती खरोखरच गेल्या होत्या. महाराष्ट्राने राज्यापुरत्या त्या १९६० साली दिल्या. पण १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना देशभर अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. चौतीस वर्षे आपल्या वडीलधाऱ्यांनी नुकसान सोसून बौद्ध हा शब्द लिहिला. आज तो लिहिताना आपला हात थरथरण्याचे कारण नाही.

मात्र दाखल्याच्या बाबतीत गाफील राहू नका. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला देताना आणि पडताळताना १० ऑगस्ट १९५० ह्या दिवसापूर्वीचा पुरावा पाहिला जातो. म्हणून आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या नोंदवहीतील उतारा, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे जुने कागद, जे काही सापडेल ते आत्ताच मिळवा आणि एका पिशवीत जपून ठेवा. दाखला प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मिळतो, त्याची पडताळणी जिल्ह्याची समिती करते, आणि त्यास वेळ लागतो. मुलगा बारावीची परीक्षा देऊन प्रवेशाच्या रांगेत उभा राहिल्यावर धावपळ करू नका. तोवर कित्येकदा जागा गेलेली असते. गुण होते पण कागद नव्हता, अशी मुले माझ्या कचेरीत येतात तेव्हा त्यांच्या आईबापांच्या तोंडाकडे मला पाहवत नाही.

शेवटी एक सूचना करतो. ह्या गावातून कोणी खाणीवर जातो, कोणी तेरेखोल ओलांडून गोव्यात कामास जातो, कोणी मुंबईस जातो. जाणारा गेला की त्याची बातमी केवळ त्याच्या घरात राहते. आपण विहारात एक वही ठेवा. त्या वहीत गावातील प्रत्येक शिकलेल्या मुलाचे आणि मुलीचे नाव लिहा: कोठे शिकली, कोणत्या वर्षी उत्तीर्ण झाली, आज काय करते. आणि शेवटच्या रकान्यात लिहा की तिने मागून येणाऱ्या कोणत्या मुलास हात दिला. एखाद्याची पुस्तके दिली, एखाद्याचा अर्ज भरून दिला, एखाद्यास मुंबईत महिनाभर घरी ठेवून घेतले, तरी पुरे. दर बुद्धपौर्णिमेस ती वही सभेत वाचा. ज्याचा शेवटचा रकाना रिकामा असेल, त्याला कोणी बोल लावू नका. त्याचे नाव वाचा आणि पुढे चला. मिलिंदास पटले तेव्हा त्याने आपण होऊन मान्य केले. आपला मुलगाही करील.

बाबासाहेबांनी ज्या दिवशी महाविद्यालय काढले त्या दिवशी त्यांनी विटांबरोबर एक प्रश्नही बांधून ठेवला. शिकून तू काय केलेस? रेडीच्या मुलांनी त्याचे उत्तर लिहावयास आजपासून सुरुवात करावी, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जय भीम.